अख्ख्या शहराचा भाव सोडा, तुमच्या गल्लीचा भाव काढायला शिका

घर घ्यायचं ठरलं की सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, सध्या मार्केट कसं आहे? मी पण हेच विचारायचे. शहरात घरांचे भाव इतके टक्के वाढले अशी बातमी दिसली की पोटात गोळा यायचा, आणि उतरले म्हटलं की वाटायचं थांबूया अजून दोन महिने. असं करत करत दीड वर्ष गेलं, शंभरावर घरं बघून झाली आणि मग कुठे डोक्यात प्रकाश पडला की मोठ्या शहराचं एक मार्केट नसतंच. चाळीस-पन्नास छोटी छोटी मार्केटं एकमेकांना खेटून असतात, त्यातलं एखादं चढत असतं तेव्हा शेजारचं जागच्या जागी असतं आणि तिसरं उतरत असतं. आपण घर घेणार त्यातल्या एकात. त्या एकाचा अभ्यास कसा करायचा तेवढंच इथे लिहितेय. शहर कुठलंही असो, पद्धत हीच.

आधी सरासरी नावाची गोष्ट डोक्यातून काढा. समजा एका महिन्यात पाच घरं विकली गेली, किंमत १०, ११, १२, १३ आणि ५४ (चलन कुठलंही धरा). बेरीज १००, सरासरी २०. पण २०ला एकही घर विकलं गेलेलं नाही, २०च्या आसपाससुद्धा नाही, एक बंगला विकला गेला आणि त्याने आकडा वर ओढला. म्हणून मध्यक बघायचा, म्हणजे किमती ओळीने लावून मधली घ्यायची, इथे ती १२. पण मध्यक पण दगा देतो बरं का. पुढच्या महिन्यात बंगला विकला गेला नाही, त्याऐवजी छोटी घरं जास्त विकली गेली, ८, ९, १०, ११, १२. मध्यक १०, सरासरी पण १०. आता बातमी येणार की भाव निम्म्यावर आले! प्रत्यक्षात एकाही घराची किंमत एका पैशाने कमी झालेली नाही, फक्त त्या महिन्यात कुठल्या प्रकारची घरं विकली गेली ते बदललं. मोठ्या शहरात हे सतत होतं, कारण एका तिमाहीत शहराच्या टोकाला नवीन स्वस्त इमारतींचे ताबे दिले जातात आणि दुसऱ्या तिमाहीत मध्यवस्तीतली मोठी घरं हलतात.

यावर उपाय पूर्वीच निघालाय. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या घरांसाठी जो निर्देशांक तयार केला त्यात तेच घर दोनदा विकलं गेलं तेव्हा काय झालं हे बघतात, म्हणजे घराची तुलना दुसऱ्या घराशी नाही, स्वतःच्याच जुन्या किमतीशी. (शिलर यांना २०१३ साली नोबेल मिळालं.) त्यांच्या आकड्यांमध्ये एकाच शहरातली स्वस्त, मधली आणि महाग घरं वेगळी करून पण दाखवतात, आणि तिघांची चाल सारखी नसते. हे आपण घरबसल्या करू शकतो, मोठं गणित लागत नाही. तुमच्या एरियात दोनदा विकली गेलेली सात-आठ घरं शोधा, पहिली किंमत, दुसरी किंमत, मधली वर्षं. एखादं घर २०१६ला १००ला गेलं आणि २०२४ला १५०ला, तर लोक पटकन म्हणतात पन्नास टक्के भागिले आठ, वर्षाला सव्वासहा टक्के. तसं नसतं, चक्रवाढीने धरलं तर वर्षाला साधारण ५.२ टक्के पडतात. फक्त एवढं बघा की मधल्या काळात घराची पूर्ण डागडुजी करून घेतलेली नाही ना, आणि व्यवहार घरातल्या घरात झालेला नाही ना, भावाने भावाला दिलेल्या घराची किंमत ही मार्केटची किंमत नव्हे.

आता एरिया म्हणजे नेमका किती, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. वेबसाइटवर एरियाचं नाव टाकलं की जे दिसतं तो तुमचा एरिया नव्हे. वॉर्डाची हद्द, पिनकोडची हद्द या कागदावरच्या रेषा आहेत, भाव त्या मानत नाही. भाव मानतो रेल्वेचे रूळ, नदी, नाला, चार लेनचा रस्ता, चढ, आणि शाळेची हद्द.

एक उदाहरण सांगते. आम्ही बघत होतो त्या भागात रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाच बिल्डरच्या दोन इमारती होत्या, बांधकाम एकाच सुमाराचं, घराचा नकाशा तोच, दोन्हींच्या मध्ये चालत पाच मिनिटांचं अंतर. आणि किमतीत जवळपास पाचव्या हिश्श्याचा फरक. मला कळेना. तीन वेळा जाऊन आले, तिन्ही वेळा सकाळी. मग एकदा पावसात संध्याकाळी गेले तेव्हा समजलं. दोन्ही बाजू जोडणारा रस्ता म्हणजे रुळांखालचा एक बोगदा, त्यात घोटाभर पाणी साचलेलं, दिवे दोनच आणि त्यातला एक बंद. एक बाई मुलाचा हात धरून बोगद्याच्या तोंडाशी आली, थांबली, आत बघितलं आणि मागे वळून लांबच्या पुलाकडे चालायला लागली. कागदावर पाच मिनिटं, पण अंधार पडल्यावर वीस-पंचवीस. स्टेशन, बाजार, दवाखाना सगळं एका बाजूला, त्यामुळे पलीकडच्या इमारतीतली किंमत त्या बोगद्याने ठरवलेली होती. हे कुठल्याही वेबसाइटवर दिसत नाही. म्हणून नकाशा घ्या, पेन्सिल घ्या, आणि जिथे जिथे माणूस पायी जायला कचरतो तिथे रेघ मारा. जो तुकडा उरेल तो तुमचा एरिया, बहुतेक वेळा तो चालत पंधरा मिनिटांत संपतो.

शाळेच्या हद्दीचं म्हणाल तर ज्या शहरांत पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते तिथे ही रेघ फार जोरात चालते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ साली छापलेल्या अभ्यासात हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची, बाकी सगळं सारखं असलेली घरं ताडून बघितली, आणि शाळेचे परीक्षेतले गुण ५ टक्के जास्त असतील तर आईबाप घरासाठी अडीच टक्के जास्त मोजतात असं दिसलं. तुम्हाला मुलं नसली तरी हे बघा, कारण पुढे तुमचं घर घेणाऱ्याला असतील.

एका एरियाचा भाव असा का आणि दुसऱ्याचा तसा का, याचा थोडा इतिहास माहीत असला की डोळे वेगळे होतात. १९२५ साली शिकागोमध्ये समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी मांडलं की शहर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखं वाढतं, आत कचेऱ्या, मग कामगारवस्ती, मग बाहेर बाहेर चांगली घरं. १९३९ साली होमर हॉइट म्हणाले की वर्तुळं नाही, फाका असतात, म्हणजे महाग वस्ती एका दिशेने सुरू झाली की रस्त्याच्या किंवा उंच जमिनीच्या आधाराने त्याच दिशेने बाहेर सरकत जाते. माझा अनुभव हॉइटच्या बाजूचा आहे. लंडनमध्ये वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून वाहतो, कारखान्यांच्या काळात धूर पूर्वेकडे जायचा, त्यामुळे पूर्वेला गरीब वस्ती आणि पश्चिमेला श्रीमंत असं होण्यात त्या वाऱ्याचा मोठा हात होता. कारखान्यांची धुराडी गेली तरी पुढे कितीतरी वर्षं तो फरक राहिला. तुमच्या शहरात पण बघा, वारा कुठून येतो, जुने कारखाने कुठे होते, सांडपाणी कुठल्या बाजूला वाहतं. आजच्या भावामागे असं काहीतरी जुनं निघतंच.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय, स्वस्त एरिया म्हणजे वाईट एरिया असं धरू नका. १९३३ साली अमेरिकेत होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन नावाची सरकारी संस्था निघाली आणि तिने दोनशेच्या वर शहरांचे नकाशे कर्जाच्या धोक्याप्रमाणे रंगवले, हिरवा चांगला, निळा बरा, पिवळा उतरता आणि लाल धोक्याचा. लाल कशाला? घरं पडकी होती म्हणून तर होताच, पण तिथे काळे लोक किंवा स्थलांतरित राहतात म्हणून पण. अशा वस्त्यांना कर्ज मिळणं अवघड, कर्ज नाही म्हणून खरेदीदार नाही, खरेदीदार नाही म्हणून भाव नाही, भाव नाही म्हणून डागडुजी नाही. घरविक्रीतला असा भेदभाव १९६८ साली कायद्याने बंद झाला पण त्या वस्त्यांमधल्या भावावरचा डाग लगेच पुसला गेला नाही. यातून घर बघणाऱ्याने उचलायची कामाची गोष्ट अशी की एखादी गल्ली वाजवीपेक्षा स्वस्त दिसली तर पहिला फोन बँकेला करा, या इमारतीवर तुम्ही कर्ज देता का? दोन-तीन बँकांना विचारा. सगळ्या नाही म्हणाल्या तर का ते खोदून विचारा. कधी कागदपत्रांचा खरा घोळ असतो, मग लांब राहा. कधी नुसतीच जुनी भीती असते, आणि तिथे चांगलं घर मिळू शकतं, फक्त विकताना तुम्हालाही तीच अडचण येणार हे धरून चला.

आता खरे आकडे कुठून आणायचे. जाहिरातीतली किंमत ही मालकाची इच्छा असते, खरा भाव तो ज्याला घर विकलं गेलं. दोन्हींमधला फरक काढणं हेच निम्मं काम आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९५पासूनच्या बहुतेक सगळ्या घरविक्रीच्या किमती लँड रजिस्ट्री, म्हणजे तिथलं सरकारी नोंदणी खातं, फुकट दाखवते, पत्ता टाकला की दिसतं. कितीतरी ठिकाणी नोंदणी कचेरीत फी भरून उतारा मिळतो. तेही नसेल तर जे लोक बँकेसाठी घराचं मूल्यांकन करतात त्यांच्याशी बोला, एका बैठकीची फी द्या, दहा एजंटांपेक्षा जास्त कळतं. एजंट वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, पण त्यांचं पोट व्यवहारावर असतं. आम्हाला एकाने तुलनेसाठी म्हणून तीन विक्रीचे कागद दाखवले, किमती बघून आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो, रात्री घरी येऊन नवऱ्याने पत्ते नकाशावर टाकले तर तिन्ही घरं नदीच्या पलीकडची. नाव त्याच एरियाचं, पण मार्केट वेगळं. तेव्हापासून नियम केला, पत्ता नकाशावर टाकल्याशिवाय कुठलाही आकडा वहीत घ्यायचा नाही.

वही मात्र ठेवाच. एक्सेल ठेवा, कागद ठेवा, काहीही. प्रत्येक घराची एक ओळ: तारीख, गल्ली, मजला, आतलं क्षेत्रफळ, इमारत कधीची, मागितलेली किंमत, विकलं गेलं ती किंमत, आणि किती दिवस लागले. क्षेत्रफळाबद्दल सावध राहा, कुणी भिंतींसकट सांगतं, कुणी जिना आणि लॉबीचा वाटा धरून सांगतं, कुणी फक्त पायाखालची फरशी. सगळं एकाच मापात आणल्याशिवाय चौरस फुटाचा भाव काढायचा नाही. आणि तो काढला तरी लहान घराचा मोठ्या घराशी लावायचा नाही, कारण लहान घराचा चौरस फुटाचा भाव बहुतेक वेळा जास्तच असतो, किचन-बाथरूमचा खर्च दोन्हीकडे तोच आणि थोडी रक्कम जमवू शकणारे लोकही जास्त. दोन खोल्यांचं दोन खोल्यांशी लावा.

दिवस किती लागले हा रकाना लोक सोडून देतात, मला तो सगळ्यात बोलका वाटतो. त्याच्या जोडीला विक्री आणि चालू जाहिराती मोजून एक सोपं गणित करता येतं. तुमच्या एरियात आत्ता ३० घरं विकायला आहेत आणि महिन्याला ५ विकली जातात, म्हणजे नवीन एकही आलं नाही तरी सहा महिने पुरेल इतका माल आहे. अमेरिकेतले एजंट लोक ठोकताळा म्हणून साधारण सहा महिने म्हणजे बरोबरीचा सामना धरतात, त्याच्या बराच खाली गेलं की विकणाऱ्याचा हात वर, बराच वर गेलं की घेणाऱ्याचा. सहाचा आकडा काही वेदवाक्य नाही, पण शेजारशेजारच्या दोन एरियांचं हे गणित करून बघा, एकात दोन महिने आणि दुसऱ्यात अकरा असं सर्रास निघतं आणि मग शहराचं मार्केट कसंय या प्रश्नाला काही अर्थच राहत नाही. एक फसवणूक ओळखायला शिका. जाहिरात काढून परत टाकली की दिवस शून्यावर येतात. पहिल्यांदा दिसली तेव्हाच स्क्रीनशॉट काढून ठेवा. आम्ही एक घर "नवीन" म्हणून तीनदा बघितलं, तिन्ही वेळा फोटोत टेबलावर तेच कॅलेंडर, तोच महिना.

भाव पडतात तेव्हा काय दिसतं हेही माहीत असायला हवं, कारण किंमत आधी पडत नाही, आधी विक्री थांबते. बॉस्टनमध्ये १९९०च्या दशकात मार्केट पडलं होतं तेव्हाच्या फ्लॅटांचा डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, २००१ साली छापून आला. ज्यांनी चढ्या भावात घेतलं होतं आणि आता तोटा दिसत होता त्यांनी तशाच दुसऱ्या घरापेक्षा जास्त किंमत मागितली आणि मग घर विकायला वेळही जास्त लागला. माणसाचा जीव होत नाही तोट्यात द्यायला, हे कुठल्याही शहरात तसंच असणार. म्हणून वहीत जेव्हा दिसायला लागेल की जाहिराती वाढताहेत, विक्री कमी होतेय, पण किमती तशाच आहेत, तेव्हा समजा भाव अजून पडायचा आहे, घाई करू नका. आणि मालकाने घर कधी, कितीला घेतलं हे काढता आलं तर जरूर काढा. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या माणसाशी बोलणी वेगळी होतात आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेल्याशी वेगळी.

भाडं पण बघा, विकत घ्यायचं असलं तरी. वर्षाचं भाडं भागिले घराची किंमत. एका एरियात १००च्या घराला वर्षाला ३ भाडं येतं आणि दुसऱ्यात ५. भाडं सांगतं आज इथे राहायची किंमत काय, आणि घराची किंमत त्यात उद्याची आशा मिसळते. ३ वाल्या एरियात लोक आशेचे पैसे देताहेत, ५ वाल्यात आशा कमी आहे किंवा भीती जास्त आहे. कुठलं चांगलं हे तुमच्यावर, पण दोन वर्षांत भाडं जागेवर असताना फक्त किंमत पळाली असेल तर मी त्या एरियापासून थोडं लांब राहीन. जिथे भाड्यावर सरकारी बंधन आहे किंवा व्हिएन्नासारखी पालिकेची घरं भरपूर आहेत तिथे हे गणित नीट लागत नाही, कारण तिथलं भाडं मार्केटने ठरवलेलं नसतं.

उद्याच्या आशेत सगळ्यात महाग विकली जाणारी गोष्ट म्हणजे येऊ घातलेली रेल्वे. लंडनची एलिझाबेथ लाइन बघा. कायदा २००८ साली झाला, काम २००९ला सुरू, डिसेंबर २०१८मध्ये उघडणार असं ठरलेलं, आणि प्रत्यक्ष गाडी धावली २४ मे २०२२ला. जवळजवळ साडेतीन वर्षं उशीर, आणि स्टेशनजवळच्या घरांच्या किमतीत ती गाडी कितीतरी आधीपासून धरलेली. ज्याने २०१७मध्ये पुढच्या वर्षी गाडी येणार म्हणून जास्त पैसे मोजले त्याने साडेतीन वर्षं पैसेही जास्त भरले आणि बसनेही गेला. म्हणून घोषणा, खोदकाम आणि उद्घाटन हे तीन वेगळे भाव समजा. घोषणेला मी एक पैसाही देणार नाही. खोदकाम डोळ्यांनी दिसत असेल तर विचार करीन, पण उशिराची वर्षं हिशोबात धरून. आणि स्टेशनपासून दहा मिनिटं चालत एवढंच घ्या, अगदी रुळांलगतचं नको, रात्री बारा वाजता त्या खोलीत झोपून बघायची सोय नसते.

एरिया वर चाललाय हे ओळखायचं कसं असं खूप जण विचारतात. १९६४ साली रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या कामगारवस्त्यांमध्ये मध्यमवर्ग शिरताना बघून जेंट्रिफिकेशन हा शब्द काढला, जुनी घरं विकत घेऊन, रंगवून, दुरुस्त करून नवीन लोक येतात आणि आधीच्यांना भाडं झेपत नाही. खुणा रस्त्यावरच असतात. घरांना बांधलेल्या बांबूच्या परांच्या, दुरुस्तीच्या परवानगीचे अर्ज, बंद दुकानांची शटरं उघडणं, एका घराची दोन घरं होण्याऐवजी दोन घरांचं एक होणं. या खुणा दिसल्या तर भाव चढायची शक्यता आहे, पण ज्या खोलीत आपण जाणार तिथून कुणीतरी उठून गेलेलं असतं हेही मनात असू द्या. घरात भाडेकरू असेल तर त्याच्याशी समोरासमोर बोला, त्याला किती मुदत आहे, त्याची दुसरी सोय झाली आहे का. कायद्याने बघितलं तरी ते तुमच्याच फायद्याचं, आणि माणूस म्हणून तर करायलाच हवं.

मोकळी जमीन किती आहे ते बघणं पण राहून जातं. आजूबाजूला रिकामे प्लॉट आणि बैठी घरं भरपूर असतील आणि उंच बांधायला परवानगी असेल तर मागणी वाढली की नवीन घरं येतात आणि भाव फार पळत नाही. ऑकलंडने २०१६ साली शहराच्या साधारण तीन चतुर्थांश रहिवासी जमिनीवर जास्त घरं बांधायची मुभा दिली आणि बांधकाम परवानग्या चांगल्याच वाढल्या. नदी, डोंगर, जुन्या वारसा इमारती अशांनी वेढलेला एरिया असेल तर सगळी मागणी किमतीतच जाते. खिडकीतून समोरचं मोकळं मैदान बघून खूश होण्याआधी पालिकेत जाऊन त्या मैदानावर काय आरक्षण आहे ते विचारून या.

मग येते इमारत. एकाच गल्लीत दोन इमारतींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो आणि तो रंगात दिसत नाही. जपानमध्ये जून १९८१ला भूकंपाचे बांधकाम नियम कडक झाले, आणि १९९५च्या कोबेच्या भूकंपात आधीच्या नियमाने बांधलेल्या इमारतींचं नुकसान खूप जास्त झालं. तेव्हापासून तिथे घर बघताना इमारत १९८१च्या आधीची की नंतरची हा पहिल्या काही प्रश्नांतला एक. तुमच्या शहरात असं वर्ष कुठलं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर किती वर्षं उरलीत ते बघा. सिंगापूरमध्ये दहातली जवळजवळ आठ माणसं सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरात राहतात, पट्टा ९९ वर्षांचा, आणि तो संपला की घर परत सरकारकडे, त्यामुळे पन्नास वर्षं उरलेलं आणि नव्वद वर्षं उरलेलं घर शेजारी असली तरी एका भावाची नाहीत. आणि पाणी! मायामीत समुद्राचं पाणी वर येतंय तशी लिटल हैतीसारख्या आतल्या, जरा उंचावरच्या साध्या वस्त्यांकडे बिल्डरांची नजर वळली, जिथे आधी कुणी बघत नव्हतं. कपाट सरकवून मागची भिंत बघा, तळमजल्याच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एका रेषेत रंग बदललाय का बघा.

चक्कर मारायला वेगवेगळ्या वेळा निवडा, कामाच्या दिवशी सकाळी आठला, सुट्टीच्या रात्री, आणि एकदा भर पावसात. इमारतीच्या जिन्यातला नोटीस बोर्ड पाच मिनिटं उभं राहून वाचा. आम्ही एका इमारतीत वाचलं, लिफ्ट दुरुस्तीची वर्गणी, तिसरी आठवण, आणि खाली थकबाकीदारांची यादी, चोवीस घरांतली अकरा. घर सुंदर होतं. पण जिथे निम्मे लोक वर्गणी देत नाहीत तिथे पुढच्या पाच वर्षांत छत गळायला लागलं की ते कोण करणार? आम्ही तिथूनच परत फिरलो.

शेवटी आकडा कसा काढायचा. गेल्या सहा महिन्यांतल्या, तुमच्या पेन्सिलच्या रेघेच्या आतल्या, त्याच आकाराच्या सहा ते आठ विक्री घ्या. प्रत्येकीत तुमच्या घरापेक्षा जे जास्त आहे त्याचे पैसे वजा करा, जे कमी आहे त्याचे मिळवा, मजला, उजेड, पार्किंग, दुरुस्ती. दुरुस्तीचा आकडा अंदाजे नको, मिस्त्रीकडून लिहून घ्या. आलेल्या आकड्यांमधला मधला घ्या, तो तुमचा भाव. त्याच्यावर किती जायचं ते बोलणीला बसायच्या आधी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर पेनने लिहा, पेन्सिलने नाही. आम्ही १०० लिहिलं होतं असं समजा. मालकाने ११२ मागितले, आम्ही ९६ सांगितले आणि वही उघडून सात विक्री त्यांच्यासमोर ठेवल्या, पत्त्यांसकट. ते म्हणाले विचार करतो. तीन आठवडे फोन नाही, मी दोनदा नवऱ्याला म्हटलं की १०५ देऊन टाकू, त्याने फक्त वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. सहाव्या आठवड्यात मालकाचा फोन आला, "त्या तुमच्या वहीतली चौथी विक्री माझ्या खालच्याच मजल्याची आहे, मला माहीतच नव्हतं," आणि ९९ला व्यवहार झाला.